विमानाच्या माहेरी एक दिवस

मुलांना वस्तुसंग्रहालय दाखविणे हे पुष्कळ पालकांना कर्तव्य वाटते आणि पुष्कळ मुलांना ती शिक्षा वाटते. दोघांच्याही भावना समजण्यासारख्या आहेत. काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू, तिच्याखाली बारीक अक्षरांची चिठ्ठी, 'हात लावू नये' अशी पाटी आणि 'चला, पुढे चला' असा वडिलांचा घोष, एवढ्या सामग्रीवर बालमन किती वेळ रमणार? परंतु संग्रहालयाची पायरी चढण्यापूर्वी मुलाच्या मनात एखादा प्रश्न जागा झालेला असेल, तर तीच मुकी वस्तू बोलू लागते. न्यायालयात साक्षीदार उभा राहावा तशी ती उभी राहते आणि मूल वकिलाच्या ऐटीने तिची उलटतपासणी करू लागते. विमानविद्येचा इतिहास हा अशा उलटतपासणीला फार योग्य विषय आहे. कारण आधी कोण उडाले, कोठे उडाले आणि खरोखरच उडाले काय, या प्रश्नांवर जगात पुष्कळ वाद झालेले आहेत.

असा एक दिवस घालविण्यास अमेरिकेतील ओहायओ राज्यातले डेटन हे शहर मोठे सोयीचे आहे. विल्बर व ऑरव्हिल या राइट बंधूंचे हे गाव. सिनसिनाटी शहराहून ते सुमारे ५५ मैलांवर, म्हणजे मोटारीने तासाभराच्या वाटेवर आहे. श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की, सिनसिनाटीत स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब सुटीच्या दिवशी सकाळी मोटारीने डेटनला निघाले आहे. आईवडील आहेत, बारा वर्षांची मुलगी आहे, आठ वर्षांचा मुलगा आहे, आणि गिरगावाहून लेकाकडे चार महिने राहावयास आलेले आजोबा आहेत. शिदोरीला दशम्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचे लोणचे आहे.

गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच आजोबांनी विषयाला तोंड फोडले. "राइट बंधूंचे कौतुक अवश्य पाहू. पण त्यांच्या आधी आठ वर्षे, १८९५ साली, आपल्या शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडविले होते, हे या मुलांना कोणी सांगितले आहे काय?"

मुलगा हरखून गेला. मुलगी मात्र क्षणभर विचार करून म्हणाली, "आजोबा, मग ते विमान आता कोठे ठेवले आहे?"

आजोबांना उत्तर सुचेना. तेव्हा वडिलांनी दोघांचाही मान राखून तोड काढली. "आज आपण हा प्रश्न राइट बंधूंनाच विचारू. ते उडाले, हे कशावरून? जो जो पुरावा सापडेल तो वहीत टिपून ठेवा. मग तीच फूटपट्टी आपल्या माणसालाही लावू."

डेटनच्या पश्चिम भागात साउथ विल्यम्स स्ट्रीटवर २२ क्रमांकाची एक साधी विटांची इमारत आहे. १८९५ ते १८९७ या काळात राइट बंधूंचे सायकलींचे दुकान येथे होते. १९९२ साली स्थापन झालेल्या विमानवारसा राष्ट्रीय उद्यानाचा ती एक भाग आहे. मुलांना पहिले आश्चर्य वाटते ते येथेच. ज्यांनी माणसाला पंख दिले ते कोणी मोठे पंडित नव्हते. दोघांपैकी एकाजवळही शाळेची शेवटची पदविका नव्हती. पदवी घरात होती ती धाकट्या बहिणीजवळ. कॅथरीन ही ओबरलिन महाविद्यालयाची पदवीधर असून लॅटिन शिकवीत असे. यंत्राचा हात त्यांना आईकडून आला होता. वडील धर्मोपदेशक. त्यांनी १८७८ साली मुलांना बूच, बांबू आणि कागद यांचे, रबराच्या पिळाने वर उडणारे एक खेळणे आणून दिले. ते मोडल्यावर मुलांनी तसली खेळणी स्वतः करून पाहिली.

शेजारच्याच इमारतीत या बंधूंचा छापखाना होता. ऑरव्हिलचा वर्गमित्र पॉल लॉरेन्स डनबार हा पुढे नामांकित कवी झाला. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या या मुलाने १८९० साली काढलेले वर्तमानपत्र राइट बंधूंनीच छापून दिले होते. सायकली, छपाई आणि कविता अशी तिन्ही एका आळीत नांदत होती, हे आईने मुलांना मुद्दाम दाखविले.

विमानाचा ध्यास मनात बळावला तोही याच दुकानाच्या दिवसांत. पंख लावून टेकडीवरून तरंगत उतरणारा जर्मन संशोधक ओटो लिलिएन्थाल १८९६ च्या ऑगस्टमध्ये पडून मृत्यू पावला, ती वार्ता या बंधूंनी वाचली. पुढे १८९९ च्या मे महिन्यात विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेला पत्र लिहून या विषयावरील पुस्तके मागविली. सायकल हा धंदा त्यांना येथे उपयोगी पडला. सायकल स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. चालविणारा तिला क्षणोक्षणी सावरतो. आपोआप स्थिर राहणारे विमान शोधण्यात इतर लोक गुंतले होते. माणसाने सावरावयाचे विमान या दोघांनी शोधले.

सावरावे कसे, हे मुलांना घरी करून पाहता येते. दोन्ही टोके उघडी असलेली एक लांबट पुठ्ठ्याची पेटी घ्यावी आणि तिची टोके विरुद्ध दिशांना पिळावी. वरखालची पाने एका बाजूस चढतात, दुसऱ्या बाजूस उतरतात. सायकलच्या नळीची अशीच रिकामी पेटी बोटांत पिळताना विल्बरला पंख पिळण्याची युक्ती सुचली. ज्या बाजूचा पंख वाऱ्याला अधिक तोंड देईल ती बाजू उचलली जाते. विमान तोलून धरण्याचे मर्म एवढेच.

पण युक्ती सुचली म्हणजे काम झाले असे नव्हे. १९०० आणि १९०१ साली किटी हॉक येथील वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी उडविलेल्या बिनएंजिनाच्या विमानांनी अपेक्षेइतका भार उचलला नाही. येथे दोन मार्ग मोकळे होते. एक, नशिबाला दोष देऊन स्वस्थ बसावे. दुसरा, ज्या कोष्टकांवर भिस्त ठेवली ती कोष्टकेच तपासावी. त्यांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ च्या शरदात सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी करून तिच्या एका तोंडाशी पंखा बसविला आणि आतल्या वाऱ्यात सुमारे २०० निरनिराळ्या आकारांचे छोटे पंख तोलून पाहिले. तोलण्याचा काटा त्यांनी करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार यांपासून घरीच केला. तेव्हा दिसून आले की, हवेच्या दाबाचा जो गुणक शंभराहून अधिक वर्षे प्रमाण मानला जात होता, तो सुमारे दीडपट फुगलेला आहे, ०.००५ च्या जागी तो ०.००३३ च्या जवळपास हवा. मुलीने वहीत पहिली नोंद केली: 'मोजमाप. मोठ्यांचे आकडेही तपासले.' आजोबांनी ती वाचली आणि चष्मा पुसला.

तेथून कॅरिलॉन पार्क जवळच आहे. या बागेत राइट बंधूंचे १९०५ सालचे तिसरे विमान जतन केलेले आहे. ऑरव्हिलच्या देखरेखीखाली ते पुन्हा उभे करण्यात आले. परंतु १९४८ च्या जानेवारीत त्याचे देहावसान झाले आणि १९५० साली उघडलेले हे दालन पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. विमान जमिनीच्या पातळीखाली ठेवले असून लोक सभोवार उभे राहून ते वरून पाहतात. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलालाही पंख, तारा, साखळ्या आणि पालथे पडून विमान हाकणाराची जागा स्पष्ट दिसते. "यांना बसायलासुद्धा खुर्ची नव्हती?" असे मुलाने विचारले. नव्हती, हाकणारा पोटावर निजून कंबर डावीउजवीकडे सरकवी आणि त्यासरशी पंख पिळले जात.

पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या दिवशी चार उड्डाणे झाली. पहिले १२ सेकंदांचे व १२० फुटांचे, शेवटचे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. त्यानंतर वाऱ्याच्या एका झोताने विमान उलटून मोडले. ते यंत्र उडाले खरे, पण ते मनाजोगे वळत नव्हते. वळणारे, घिरट्या घालणारे आणि इंधन संपेपर्यंत हवेत राहणारे विमान म्हणजे कॅरिलॉन पार्कमधील हे तिसरे. म्हणून जाणत्या लोकांना त्याचे मोल फार वाटते.

याच ठिकाणी तो कॅमेरा आहे, ज्याने पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र टिपले. ऑरव्हिलने तो आधीच रोखून ठेवला होता आणि जीवरक्षक पथकातील जॉन डॅनियल्स या गृहस्थाने कळ दाबली. पुढे १९१३ च्या मार्च महिन्यात डेटनला महापूर आला, घरात पाणी शिरले आणि काचेच्या तबकड्या बुडाल्या. त्या विख्यात तबकडीच्या एका कोपऱ्यास इजा झाली, पण विमानाची आकृती वाचली. मुलीने दुसरी आणि तिसरी नोंद केली: 'यंत्र. छायाचित्र.'

बागेतल्या बाकावर शिदोरी सोडल्यावर आईने एक गोष्ट सांगितली, ती पुराव्याच्या प्रश्नाला धरूनच होती. स्मिथ्सोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली यांनीही एक विमान बांधले होते. राइट बंधूंच्या आधी अवघे नऊ दिवस, ८ डिसेंबर १९०३ रोजी, ते पोटोमॅक नदीत कोसळले. १९१४ साली त्याच यंत्रात बरेच फेरफार करून ते थोडेसे उडविण्यात आले; आणि त्या आधारावर, उडण्यास समर्थ असे पहिले विमान लँग्लींचे, अशी भूमिका संस्थेने घेतली. आपल्या माणसाचा अभिमान विद्वानांच्या संस्थेलाही कसा मोहात पाडतो पाहा! ऑरव्हिलने रागाने १९०३ सालचे विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवून दिले. अखेर १९४२ साली संस्थेने त्या फेरफारांची यादी प्रसिद्ध करून आपला दावा मागे घेतला, आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये ते विमान मायदेशी परतले. "चूक कबूल केल्याने ती संस्था लहान झाली काय?" असे आईने विचारले. मुले 'नाही' म्हणाली. आजोबा दशमीचा तुकडा मोडीत गप्प होते.

दुपारी मंडळी अमेरिकन हवाईदलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. १९२३ साली एका लहानशा संग्रहातून उभे राहिलेले हे संग्रहालय आज चार अवाढव्य इमारतींत पसरलेले आहे. तेथे ३५० हून अधिक विमाने आणि क्षेपणास्त्रे आहेत, आणि प्रवेश विनामूल्य आहे. मुलांना घेऊन जाणारांनी येथे सर्व काही पाहण्याचा हव्यास धरू नये. प्रत्येक मुलाला दोन-दोन विमाने निवडू द्यावी आणि तीच नीट पाहावी. मुलाने अध्यक्षांचे जुने विमान निवडले. त्याच्या अरुंद बोळातून प्रेक्षकांना चालत जाता येते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी यांचा वध झाल्यावर जॉन्सन यांचा शपथविधी याच विमानात झाला आणि केनेडींचे शवही यातूनच राजधानीस नेण्यात आले. मुलीने अपोलो १५ चे १९७१ साली चंद्रावरून परतलेले, आगीने होरपळलेले यान निवडले. त्याच्यापूर्वी, १९६९ साली, चंद्रावर पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग हाही याच ओहायओ राज्यातला. १९०३ च्या विमानाच्या लाकडाचा आणि कापडाचा लहानसा तुकडा त्याने चंद्रप्रवासात सोबत नेला होता. वाळूवरील १२ सेकंदांपासून चंद्रापर्यंत ६६ वर्षे!

परंतु त्याच छपराखाली 'बॉक्सकार' नावाचे एक रुपेरी, चार एंजिनांचे विमान उभे आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब टाकला तो याने. मुलाने त्याचे तेज पाहून आनंदाने टाळ्या पिटल्या, आणि पाटी वाचून बहीण त्याला म्हणाली, "थांब." वडिलांनी मुलांपासून काही लपविले नाही. त्या एका बॉम्बने हजारो माणसे, त्यांत तुमच्याएवढी मुलेसुद्धा, मरण पावली, असे त्यांनी सांगितले. विल्बर १९१२ सालीच विषमज्वराने गेला होता. ऑरव्हिलने मात्र तो दिवसही पाहिला. "मग हे विमान येथे ठेवलेच कशाला?" असे मुलाने विचारले. आजोबा म्हणाले, "बाळ, साक्षीदार आपल्या बाजूचा असो वा नसो, त्याला बोलावे लागतेच. कौतुकाच्या वस्तू तेवढ्या ठेवल्या आणि या झाकल्या, तर बाकीच्यांच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवील?" वहीत या विमानापुढे मुलीने काही लिहिले नाही, नुसती तारीख लिहिली.

शेवटचा मुक्काम हफमन प्रेअरी. हे संग्रहालय नव्हे; हे एक रान आहे, सुमारे ८४ एकरांचे, आज हवाईदलाच्या तळाच्या हद्दीत असलेले. टॉरेन्स हफमन या पेढीवाल्याने ते राइट बंधूंना बिनभाड्याने वापरू दिले. अट एवढीच की, उडण्यापूर्वी गाईघोडी कुंपणाबाहेर न्यावी. किटी हॉकला वारा भरपूर होता, येथे तो मंद. म्हणून १९०४ च्या सप्टेंबरात त्यांनी एक लाकडी मनोरा उभारला आणि वरून जड वजन सोडून दोरीच्या ओढीने विमान रुळावरून पुढे फेकण्याची योजना केली. त्या मनोऱ्याची आणि विमान ठेवण्याच्या पडवीची प्रतिकृती आज तेथे दिसते. बाकी सारे गवत आणि वारा.

येथे २० सप्टेंबर १९०४ रोजी विमानाने जगातले पहिले पूर्ण वर्तुळ घातले. ते पाहणारांत एमोस रूट नावाचे गृहस्थ होते. मधमाश्यांच्या साहित्याचा त्यांचा व्यापार. वय चौसष्ट. मेडिना या आपल्या गावाहून ते दीडशेहून अधिक मैल मोटार हाकीत, त्या काळच्या खडबडीत रस्त्यांनी, मुद्दाम आले होते. विमान पाहावयास मोटारीने सहल काढण्याची प्रथा पाडली ती बहुधा या वृद्धानेच! मोठी वर्तमानपत्रे स्वस्थ असता त्यांनी आपल्या मधमाश्यांच्या मासिकात १९०५ च्या जानेवारीत डोळ्यांनी पाहिलेला वृत्तान्त छापला. आणि ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर याच रानावर ३९ मिनिटांहून अधिक काळ घिरट्या घालीत २४ मैल उडाला. इंधन संपले तेव्हाच खाली उतरला.

तरीही युरोपात कोणी विश्वास ठेवीना. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल माँ शहराजवळ विल्बरने लोकांदेखत पावणेदोन मिनिटे विमान फिरवून दाखविले आणि काल ज्यांनी हेटाळणी केली त्यांनीच आज टोप्या उडविल्या. मुलीने शेवटच्या दोन नोंदी केल्या: 'तिऱ्हाईत साक्षीदार. शंका घेणाऱ्यांसमोर पुन्हा करून दाखविले.' मग वही मिटून ती म्हणाली, "आजोबा, आता आपल्या तळपद्यांची पाळी."

वडिलांनी जे माहीत होते ते सांगितले. चौपाटीच्या उड्डाणाविषयी जे सांगितले जाते ते बहुतेक मागाहून लिहिलेले आहे. त्या वेळचे छायाचित्र नाही, यंत्राचा अवशेष नाही, किती उंच आणि किती वेळ याचे मोजमाप नाही. त्या कथेशी जोडला जाणारा 'वैमानिकशास्त्र' हा ग्रंथ बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. तो प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

"म्हणजे ते उडाले नाहीत?" मुलाचा चेहरा उतरला.

आजोबा बराच वेळ गवताकडे पाहत होते. ही कथा त्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकली होती, चौपाटीवरच, त्यांचे बोट धरून. ते सावकाश म्हणाले, "'उडाले नाहीत' असेही आपण म्हणू नये; तेही आपण सिद्ध केलेले नाही. 'उडाल्याचा पुरावा नाही' एवढेच म्हणावे. मुंबईतला एक माणूस त्या काळी विमानाचा ध्यास घेऊन राबला, हे आपण आदराने सांगू. पण या दोघा भावांच्या पंक्तीला त्याला बसवावयाचे, तर आधी त्यांच्यासारखा हिशेब मांडावा लागेल. खोट्या मोठेपणाने माणूस मोठा होत नाही. उलट त्याने केलेल्या खऱ्या श्रमांवरही लोक अविश्वास दाखवितात." मग नातीकडे वळून म्हणाले, "तू थोरली झालीस म्हणजे मुंबईच्या ग्रंथालयांत जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली पाहा. काही सापडले तर मला आनंद होईल. नाही सापडले तरी जे आहे ते मला सांग."

डेटन सर्वांच्या आवाक्यात नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचे विमानसंग्रहालय १९९८ पासून आहे. विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडणारी सी हॉक आणि आलिझे ही विमाने आणि प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन तेथे उघड्यावर उभी आहेत. गोव्याची सहल काढणाऱ्या कुटुंबांना समुद्रकिनाऱ्यावरून तेथवर जाण्यास अर्धा दिवस पुरतो. कोठेही जावे, मात्र निघण्यापूर्वी मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि मनात एक प्रश्न द्यावा. संग्रहालयात त्यांना घाई करू नये. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर वडीलधाऱ्यांनी ते बनवून सांगू नये. 'आपण मिळून शोधू' असे सांगावे. स्वदेशाचा अभिमान मुलांना अवश्य शिकवावा, पण तो पारखून घेण्याची सवयही बरोबरच लावावी. ज्या घरात ही सवय लागली त्या घरातील मुले पुढे दुसऱ्यांच्या उड्डाणाच्या कथा ऐकून थांबणार नाहीत. एखादी लाकडी पेटी, एखादा पंखा आणि एखादा घरगुती काटा घेऊन ती स्वतः काहीतरी मोजावयास बसतील.